शुगरचा पेशंट दर महिन्याला मेडिकलवर येतो, आरोग्य धोरणाला मात्र मेडिकल दिसत नाही

अनेरकाठ (धागाकर्ता)

चोपडा तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात माझं मेडिकल आहे. शिक्षण बी.फार्म., काउंटरवर मी स्वतः उभा असतो. विषय थेट मांडतो.

शुगरच्या गोळ्या नेणारी माझी जी कायमची गिऱ्हाइकं आहेत, त्यातली बरीचशी डॉक्टरांकडे वर्षातून एकदा-दोनदा जातात. माझ्याकडे दर महिन्याला येतात. काही तर आठवडे बाजाराच्या दिवशी येऊन खिशात असतील तेवढ्या पैशांच्या गोळ्या कापून नेतात. त्यामुळे कुणाची गोळी बंद पडली, कुणाच्या पायाची जखम भरत नाही, कुणाला पहाटे घाम फुटून हातपाय थरथरतात, हे बऱ्याचदा डॉक्टरांच्या आधी मला कळतं. कळल्यावर ते कुणाला सांगायचं आणि सांगितलं तर पुढे कोण काय करणार, याची कुठलीच सोय व्यवस्थेत नाही.

२०२३ साली आयसीएमआर-इंडियाब हा मधुमेहाचा देशव्यापी अभ्यास आला. देशात १० कोटी १० लाख मधुमेही, म्हणजे प्रौढांमध्ये ११.४ टक्के, आणि आणखी १३ कोटी ६० लाख उंबरठ्यावर. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्र सरकारनं ठरवलं की २०२५ पर्यंत बीपी आणि शुगरच्या साडेसात कोटी रुग्णांना नीट उपचाराखाली आणायचं. आशाताई घरोघरी सीबॅकचे (आजाराच्या धोक्याच्या प्रश्नावलीचे) फॉर्म भरतात, आयुष्मान आरोग्य मंदिरात तिशीपुढच्या सगळ्यांची तपासणी होते. हे काम मोलाचं आहे, मी जवळून बघतो. पण जो शेतकरी सरकारी दवाखान्याची पायरी चढत नाही, जळगावच्या खासगी डॉक्टरांकडून एकदा चिठ्ठी लिहून आणतो आणि ती चिठ्ठी घडीवर फाटेपर्यंत चालवतो, त्याची औषधं चालू आहेत की बंद, हे कुठल्याच सरकारी नोंदीत दिसत नाही. त्याचं नाव माझ्या उधारीच्या वहीत आहे.

कायद्यानं माझ्यावर जबाबदारी टाकलेली आहे. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स, २०१५ वाचा. रुग्णाला औषध कशासाठी, कधी, किती घ्यायचं, साठवायचं कसं, डोस चुकला तर काय करायचं, हे समजावून सांगणं नोंदणीकृत फार्मासिस्टचं काम आहे असं त्यात लिहिलंय. मोबदल्याचा विचार मात्र धोरणात कुणी केला नाही. माझं पोट फक्त विक्रीवर चालतं. दरनियंत्रणातल्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याला १६ टक्के धरलेले आहेत. मेटफॉर्मिनची पट्टी विकून त्यातून किती सुटतं याचा हिशोब कुणीही करावा. मी एखाद्या आजीला पाव तास बसवून इन्सुलिन कसं भरायचं ते दाखवलं तर त्याचं मोल शून्य, आणि तोच पाव तास ताकदीचं टॉनिक गळ्यात मारलं तर कमाई. व्यवस्था मला रोज चुकीच्या बाजूला ढकलते आहे.

माझं म्हणणं एवढंच. निदान आम्ही करायचं नाही, डोस आम्ही बदलायचा नाही. पण गोळ्यांत खंड पडला हे ओळखणं, एकच औषध दोन नावांनी चालू नाही ना हे बघणं, इन्सुलिन आणि सुईची जोडी तपासणं, उपाशीपोटी कुठली गोळी धोक्याची ते सांगणं आणि धोक्याचा पेशंट चिठ्ठी देऊन वेळेत दवाखान्यात पाठवणं, हे काम प्रशिक्षण देऊन, नोंद ठेवून आणि मोबदला देऊन गावच्या मेडिकलकडे सोपवावं. टीबीच्या बाबतीत सरकारनं हे केलेलं आहे. २०१८ च्या अधिसूचनेनुसार टीबीची औषधं देणाऱ्या केमिस्टनं रुग्णाची माहिती कळवणं बंधनकारक आहे. म्हणजे मेडिकलचं दुकान आरोग्य व्यवस्थेचा भाग होऊ शकतं हे सरकारला मान्य आहे. शुगरसाठी का नको?

आपल्या भागातल्या पेशंटांनी, डॉक्टरांनी, केमिस्ट बांधवांनी मोकळेपणी लिहावं. विरोधातलं तर आधी लिहावं.

---

पारोळेकर_हिंजवडी

माझी आई पारोळ्यात एकटी असते, मी पुण्यात. मागच्या वर्षी तिला दोन डॉक्टरांची औषधं चालू होती, एक शुगरसाठी आणि एक छातीत धडधडतं म्हणून दाखवलं तिथली. दोन्ही चिठ्ठ्यांवर वेगवेगळ्या नावाची एकेक गोळी होती. दोन्हींत ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन! आई दोन्ही घेत होती, मन लावून. रात्री उठून साखर खायची आणि म्हणायची, "वयामुळं होतं रे."

मेडिकलवाल्या भाऊंनी दोन्ही पट्ट्या काउंटरवर शेजारी ठेवल्या, मागचं बारीक अक्षर वाचलं आणि मला फोन केला. त्यांनी स्वतःहून गोळी बंद केली नाही. "आजच्या आज डॉक्टरांशी बोला, मी नंबर लावून देतो," म्हणाले. डॉक्टरांनी एक गोळी बंद केली, रात्रीचा घाम थांबला. पुण्यात माझ्या ओळखीत असं लक्ष ठेवणारं कुणी नाही. अनेरकाठ भाऊ, तुमच्या म्हणण्याला माझा पूर्ण पाठिंबा.

---

पांझरा_एमडी

धुळ्यात फिजिशियन आहे. विरोधातलं आधी लिहा म्हणालात म्हणून लिहितो, राग मानू नये.

माझ्या ओपीडीत शुगर अचानक ३५०-४०० ला गेलेला पेशंट आला की मी पहिला प्रश्न विचारतो, "गुडघ्यासाठी काही घेता का?" बऱ्याच वेळा खिशातून कागदाची पुडी निघते. पुडीत तीन-चार गोळ्या, त्यातली एक स्टिरॉइडची. डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन. दुखणं दोन दिवसांत थांबतं, पेशंट खूष आणि शुगर आभाळाला. ही पुडी कधी गावातल्या बोगस डॉक्टरकडची असते, कधी मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय बांधून दिलेली असते. जो काउंटर हे करतो त्याच्याच हाती मधुमेहाची देखरेख द्यायची का?

दुसरी गोष्ट. "चिठ्ठी फाटेपर्यंत चालवतो" असं तुम्ही लिहिलंत. ती चालू देतं कोण? जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षं औषध मिळत राहिलं की पेशंटला डॉक्टरकडे यायचं कारणच उरत नाही. तोवर रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड थकल्याची खूण) वाढलेलं असतं आणि मेटफॉर्मिन पूर्ण डोसमध्ये चालूच असतं. मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता, ज्याला आम्ही ईजीएफआर म्हणतो, ती ३० च्या खाली गेली तर मेटफॉर्मिन बंद करावं लागतं. काउंटरवर हे कसं कळणार?

आणि तिसरं, "जनरिक" म्हणून जे विकलं जातं त्याबद्दल स्पष्ट बोला. छापील किंमत भली मोठी, दुकानदाराला पडते त्याच्या चौथाईला, पेशंटला थोडी सूट दिली की तो आशीर्वाद देतो. हे सगळीकडे चालतं.

---

अनेरकाठ

पांझरा सर, राग अजिबात नाही. पुड्यांबद्दल तुम्ही लिहिलं ते खरं आहे आणि तसं करणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंच्या बाजूनं मी एक शब्द बोलणार नाही. स्टिरॉइड चिठ्ठीशिवाय देणं हा गुन्हा आहे, त्यावर कारवाई झालीच पाहिजे.

जुन्या चिठ्ठीचं मात्र एवढं सोपं नाही. मंगळवारी संध्याकाळी केळीच्या गाडीवर भरणी करून माणूस येतो, म्हणतो, "भाऊ, गोया संपी ग्यात." चिठ्ठी आठ महिन्यांपूर्वीची. मी नाही म्हटलं तर तो जळगावला जाणार नाही, एक दिवसाची मजुरी आणि डॉक्टरची फी त्याच्याकडे नाही. तो गोळी सोडून देईल. मी दिली तर तुम्ही म्हणता ते होतं, तपासणी कायमची राहून जाते. या दोन वाईट मार्गांमधला तिसरा मार्ग आज नियमात नाही, आणि माझी मागणी नेमकी तिथं आहे. दहा-पंधरा दिवसांची गोळी देता यावी, सोबत छापील चिठ्ठी की या तारखेपर्यंत प्राथमिक आरोग्य केंद्रात क्रिएटिनिन आणि शुगर तपासून घ्या, आणि ती चिठ्ठी केंद्रात गेल्यावर तिथं कुणीतरी ओळखावी. आज मी माझ्या मनानं कागदावर लिहून दिलं तर तो कागद बिडी पेटवायला जातो.

नफ्याबद्दल तुमचा मुद्दा हाच माझा मुद्दा आहे. ज्याची कमाई फक्त विक्रीत आहे त्याच्याकडून सल्ल्याची अपेक्षा धरायची असेल तर सल्ल्याला पैसे द्यावे लागतील.

---

कपाशी_४४

सगळं ठीक, पण किती मेडिकलवर फार्मासिस्ट खरंच असतो? सर्टिफिकेट भिंतीवर, माणूस दुसऱ्या गावाला नोकरीवर, काउंटरला बारावी झालेला पोऱ्या. २०१२ च्या सुमारास एफडीएनं (अन्न व औषध प्रशासनानं) कडक तपासणी सुरू केली तर राज्यभर केमिस्टांनी ओरड केली होती. आधी ते दुरुस्त करा.

---

अनेरकाठ

कपाशी भाऊ, बरोबर. म्हणूनच मोबदला दुकानाच्या नावावर न देता हजर असलेल्या फार्मासिस्टच्या नोंदणी क्रमांकावर द्यावा. भाड्याच्या सर्टिफिकेटला तिथंच चाप बसेल.

---

गिरणाकाठची_ताई

मी भडगावची, शाळेतून निवृत्त. शुगर बरीच वर्षं आहे. डॉक्टर, केमिस्ट दोघांनी मला सांगावं म्हणून लिहिते.

आपल्याकडे बाईमाणसाचे उपास किती असतात याचा हिशोब कुणी धरतं का? एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस. श्रावणात कानबाई आल्या की रोटाचं जेवण, ते संपेपर्यंत दुसरं अन्न नाही असं आमच्या घरी पाळतात. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमरस आणि खापरावरची पुरणपोळी, पितरांचा घास म्हटल्यावर नको कसं म्हणणार. म्हणजे एकदा पोट रिकामं आणि एकदा गच्च. गोळी मात्र रोज तीच. एका नवरात्रात शेजारच्या वहिनी आरतीला उभ्या असताना कोसळल्या. देवी अंगात आली म्हणून बायका हळदकुंकू लावत बसल्या, शुगर ४८ निघाली.

मला कुणीही, कधीही विचारलं नाही की ताई, उपास करता का.

---

पांझरा_एमडी

ताई, हा प्रश्न आम्ही विचारायला हवा.

सगळ्या गोळ्यांचा धोका सारखा नसतो. फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्याची शुगर उपासात सहसा धोकादायक घसरत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गटाच्या गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्यांची घसरते, कारण पोटात अन्न असो-नसो, त्या साखर खाली ओढतच राहतात. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर आणि पाणी काढतात, त्यामुळे निर्जळी उपास किंवा मे महिन्यातलं रानातलं काम असेल तर शरीर सुकतं. उपासाच्या आधी डॉक्टरांना विचारून त्या दिवसाचा डोस ठरवून घ्या, आपल्या मनानं गोळी सोडू नका.

घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, वेड्यासारखं बोलणं, असं काही दिसलं आणि शुगर ७० च्या खाली असेल तर तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमी असेल तर पुन्हा द्या. मोजायचं यंत्र नसेल तरी साखर द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, थेट दवाखान्यात न्या. ग्लिमेपिराइडनं घसरलेली शुगर वर येऊन पुन्हा घसरू शकते, म्हणून बरं वाटलं तरी त्या दिवशी डॉक्टरांना दाखवा.

उपासाचा प्रश्न काउंटरवर विचारला जाऊ शकतो, हे मात्र मला आता पटतंय. नवरात्राच्या आधी गोळ्या न्यायला आलेल्या प्रत्येक बाईला फार्मासिस्टनं एवढं एकच विचारलं तरी आमच्याकडे रात्री येणाऱ्या केसेस कमी होतील.

---

सातपुडा_सीएचओ

तळोद्याच्या वरच्या अंगाला उपकेंद्रात सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणून काम करते. तुमची चर्चा वाचताना एक जाणवलं, की सगळे गृहीत धरून आहेत की गावात मेडिकल आहे. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर नाही. तिथं मेडिकल म्हणजे आशाताईची पिशवी आणि माझं कपाट. मेटफॉर्मिन, अॅम्लोडिपिन (बीपीची गोळी) आलं तर सगळ्यांना पुरतं, पुरवठा लांबला तर पेशंटला दोन आठवड्यांनी या म्हणावं लागतं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य संस्थांत उपचार मोफत झाले, पण मोफत गोळी कपाटात नसेल तर बाजारातली विकत घ्यायला शहाद्याला जायचं भाडंच औषधापेक्षा जास्त होतं.

दुसरी अडचण स्थलांतराची. दिवाळी झाली की आमची अर्धी गावं ऊसतोडीला गुजरातेत जातात, होळीला येतात, परत जातात. ज्याला मी तीस दिवसांच्या गोळ्या दिल्या तो एकतिसाव्या दिवशी बारडोलीच्या बाजूला फडात असतो. तिथं तो जवळच्या मेडिकलवर रिकामी पट्टी दाखवून गोळी घेतो, किंवा घेत नाही. मला वाटतं अनेरकाठ दादांची योजना झालीच तर तिचा सगळ्यात मोठा उपयोग या लोकांना होईल. कुठल्याही राज्यातल्या मेडिकलवर त्याचं कार्ड वाचता यावं आणि महिन्याची गोळी मिळावी. मी स्वतः जाणाऱ्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्यायची परवानगी मागते, साठा असला तर मिळते.

तिसरी गोष्ट शहरातल्या डॉक्टरांसाठीही आहे. आमच्या पावरा, भिल्ल समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, तेव्हापासून तपासण्या बऱ्याच वाढल्या. ज्याला सिकलसेलचा आजार आहे त्याच्या तांबड्या पेशी लवकर मरतात, म्हणून त्याचा एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) खोटा कमी येतो. पेशंट "तीन महिन्यांची शुगर साडेपाच" म्हणून कागद दाखवतो आणि उपाशीपोटीची शुगर १९० असते. नुसता वाहक असेल तर प्रयोगशाळेची पद्धत कुठली आहे त्यावर आकडा अवलंबून असतो. अशांची उपाशीपोटी आणि जेवणानंतरची शुगरच धरावी. नंदुरबार, शहादा, शिरपूर भागातल्या मेडिकलवाल्यांना हे सांगितलेलं असेल तर ते निदान "रिपोर्ट नॉर्मल आहे, गोळी बंद करा" असं तरी म्हणणार नाहीत.

---

पांझरा_एमडी

ताई, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. धुळ्यात येणाऱ्या आदिवासी पेशंटांचा सिकलसेलच्या कार्डाचा रंग (आजार आहे की नुसता वाहक) आम्ही बऱ्याचदा बघतच नाही.

---

फार्मसी_मास्तर

शिरपूरकडे फार्मसी शिकवतो. बाहेर हे कसं केलं गेलं ते थोडक्यात सांगतो, कारण अनेरकाठ जे म्हणतात ते हवेतलं नाही.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यात अॅशव्हिल नावाचं शहर आहे. १९९६ च्या सुमारास तिथल्या नगरपालिकेनं आपल्या मधुमेही कर्मचाऱ्यांसाठी गावातल्या औषध दुकानांतल्या फार्मासिस्टना प्रशिक्षण दिलं. कर्मचारी ठरावीक काळानं त्यांच्याकडे जायचे, फार्मासिस्ट मोजमाप बघायचा, पाय बघायचा, औषधं समजावायचा, गरज पडली तर डॉक्टरांना कळवायचा. त्याच्या वेळेचे पैसे नगरपालिका द्यायची आणि जो कर्मचारी नियमित यायचा त्याला शुगरच्या औषधांचा स्वतःचा हिस्सा माफ. काही वर्षांच्या पाहणीत एचबीए१सी सुधारला. औषधांवरचा खर्च वाढला आणि तरी एकूण खर्च घटला, कारण दवाखान्याचा खर्च कमी झाला. आजारपणाच्या रजाही कमी झाल्या.

इंग्लंडमध्ये २०११ पासून "न्यू मेडिसिन सर्व्हिस" आहे. टाइप २ मधुमेह, बीपी, दमा अशा आजाराचं नवं औषध सुरू झालं की पहिल्या महिन्यात फार्मासिस्ट रुग्णाशी दोनदा बोलतो: गोळी घेताय का, त्रास होतोय का, मनात काही शंका आहे का. सरकार त्याचे पैसे देतं. तिथल्या चाचणीत औषध नियमित घेणाऱ्यांचं प्रमाण साधारण दहा टक्क्यांनी वाढलं.

यातली गोम पहिल्या महिन्यात आहे. आपल्याकडेही गोळी सुटते ती बहुतेक पहिल्याच महिन्यात. मेटफॉर्मिननं पोट बिघडलं, कुणी सांगितलं नाही की जेवणासोबत घे, हळूहळू अंगवळणी पडेल. एसआर (औषध हळूहळू सोडणाऱ्या) गोळीचं टरफल शौचात दिसलं, "गोळी विरघळतच नाही" म्हणून फेकून दिली. किंवा मोठी आहे म्हणून खलबत्त्यात कुटून घेतली, मग दिवसभर हळूहळू सुटायचं औषध एकदम सुटलं. ही पाच मिनिटांची बोलणी आहेत आणि त्यासाठी एमडी डॉक्टर लागत नाही.

---

पांझरा_एमडी

मास्तर, अॅशव्हिलचा दाखला देताना हेही सांगा की ती आधी आणि नंतरची तुलना होती, स्वतंत्र नियंत्रण गट नव्हता. शिवाय ते पगारदार, विमा असलेले लोक. आमचा कापूस वेचणारा मजूर तिथं नाही. तरी कल्पना उचलण्यासारखी आहे. आपल्याकडे एखाद्या तालुक्यात नीट चाचणी करून बघावी, तुमच्या महाविद्यालयानं आणि आमच्या मेडिकल कॉलेजनं मिळून.

---

फार्मसी_मास्तर

सर, मान्य. मजुराचा फरक खरा आहे, आणि म्हणूनच चाचणी इथंच व्हायला हवी. धुळे-शिरपूर अंतर ते काय!

---

जामनेरचा_सोपान

एक व्यवहाराचा प्रश्न. माझ्या वडिलांना दोन वेळा इन्सुलिन. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे ४४-४५ जातं, लाइट जाते तर चार-चार तास. मळ्यातल्या घरी फ्रिजच नाही. काय करायचं?

---

अनेरकाठ

सोपान भाऊ, हे दर उन्हाळ्यात विचारलं जातं, सविस्तर सांगतो.

न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची, म्हणजे फ्रिजच्या दारात किंवा खालच्या कप्प्यात. बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. एकदा गोठलं की इन्सुलिन गेलं, वितळवून वापरू नका. वापरात असलेली बाटली सावलीत, थंड जागी साधारण चार आठवडे चालते. झाकणावर उघडल्याची तारीख पेननं लिहा. कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात आलंय की न उघडलेलं साधं मानवी इन्सुलिन २५ अंशांपर्यंत सहा महिने आणि ३७ अंशांपर्यंत दोन महिने कामाचं राहतं. म्हणजे तासभर लाइट गेली म्हणून घाबरून महागाची बाटली फेकू नका. पण आपला मे महिना ३७ वर थांबत नाही, पत्र्याच्या खोलीत त्याहून कितीतरी वर जातं.

मळ्यात असाल तर माठ. बाटली कोरड्या प्लास्टिकच्या डबीत घट्ट झाकण लावून बंद करा, डबी लहान माठात ठेवा, माठ ओल्या वाळूवर, बाहेरून ओलं गोणपाट, सावलीत वारा लागेल असं. आपल्या कोरड्या हवेत माठ चांगला थंड होतो, पावसाळ्यात हवा दमट झाली की तेवढा होत नाही. दुकानातून नेताना मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नका. बर्फाला बाटली थेट टेकवू नका, मध्ये कापड घाला. शुगर मोजायच्या पट्ट्यांची डबीही उन्हात राहिली की आकडे चुकतात.

मिश्र इन्सुलिन, म्हणजे ३०/७०, दुधाळ असतं. भरण्याआधी तळहातांत हळूच लोळवा, दणादणा हलवू नका. गुठळ्या दिसल्या, काचेला कण चिकटलेले दिसले तर घेऊ नका.

आणि सगळ्यात मोठं, सुई. आपल्याकडच्या साध्या बाटल्या बहुतेक ४० युनिटच्या (एका मिलीलिटरला ४०), त्यांची सिरिंज लाल टोपणाची. १०० युनिटच्या बाटलीची सिरिंज नारिंगी टोपणाची. १०० ची बाटली लाल टोपणाच्या सिरिंजनं त्याच रेघेपर्यंत भरली तर अडीच पट डोस जातो. माणूस दगावू शकतो. गावात लाल संपली म्हणून नारिंगी देणारे, "सुई सुईच असते" म्हणणारे मी पाहिलेत. वडिलांची बाटली आणि सिरिंज शेजारी ठेवून आजच आकडे जुळवा.

---

जामनेरचा_सोपान

जुळवले. दोन्ही ४० च्या आहेत. माठ उद्या आणतो. धन्यवाद भाऊ.

---

निवृत्त_कंडक्टर_अमळनेर

मी अडाणी माणूस, धोरण कळत नाही. पैशाचं बोलतो. पेन्शन तुटपुंजी. डॉक्टरांनी सिटाग्लिप्टिन लिहिली होती, परवडेना म्हणून एक दिवसाआड घ्यायचो. कुणाला सांगितलं नाही, लाज वाटायची. मेडिकलवाल्या पोरानंच ओळखलं, "आप्पा, पंधरा गोया महिनाभर कश्या पुरतीस?" मग त्यानं जनऔषधीचं दुकान दाखवलं. स्वतःचं गिऱ्हाईक दुसरीकडे पाठवलं. त्या पोराचं कुणी नाव घेत नाही म्हणून मी इथं लिहितो.

---

अनेरकाठ

आप्पा, तुमच्या चार ओळींत सगळं आलं. सिटाग्लिप्टिनचं पेटंट २०२२ मध्ये संपलं आणि त्याच सप्टेंबरात जनऔषधी केंद्रांत ५० मि.ग्रॅ.च्या दहा गोळ्या ६० रुपयांना आल्या. एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट मार्च २०२५ मध्ये संपलं, साठच्या आसपासची गोळी अनेक कंपन्यांनी दहा-पंधरा रुपयांच्या घरात आणली. ज्यांची चिठ्ठी जुनी आहे त्यांनी डॉक्टरांना विचारावं की याच औषधाचा स्वस्त ब्रँड चालेल का. २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत टेनेलिग्लिप्टिन आणि इन्सुलिन ग्लार्जिनही आलेत, त्यांच्या किमतींवर आता कमाल मर्यादा आहे.

तुमच्या त्या पोरानं त्या दिवशी स्वतःचा नफा सोडला. धोरण असं हवं की त्याला तो सोडावा लागू नये.

---

सातपुडा_सीएचओ

दादा, मग सुरुवात करायची का? सरकार ठरवेल तेव्हा ठरवेल. तुमच्या गावच्या आरोग्य केंद्रात एनसीडीची (बीपी-शुगरसारख्या असंसर्गजन्य आजारांची) तपासणी ज्या दिवशी असते तो दिवस विचारून घ्या आणि एक साधी चिठ्ठी छापा. आमच्या कामाचं काय असतं ते सांगते: नाव, वय, गाव, मोबाइल. सध्याची औषधं मूळ नावानं, ब्रँडनं नको. शेवटची गोळी कधी घेतली. शुगर मोजली असेल तर आकडा, आणि उपाशीपोटी की जेवून ते. जखम आहे का. डोळे वर्षभरात तपासलेत का. आदिवासी पेशंट असेल तर सिकलसेलचं कार्ड आहे का. बाहेरगावी जाणार असेल तर कधी आणि कुठं.

खाली आमच्यासाठी दोन रेघा मोकळ्या ठेवा, आम्ही काय केलं ते लिहून चिठ्ठी पेशंटसोबत परत तुमच्याकडे पाठवू. आजवर आमच्याकडून मेडिकलला काहीच परत जात नाही.

---

पांझरा_एमडी

त्या चिठ्ठीत एक रकाना वाढवा: "गुडघेदुखी किंवा दम्यासाठी दुसरं काही औषध चालू आहे का?" आणि शेवटचं क्रिएटिनिन व त्याची तारीख. माझ्याकडे येणाऱ्या पेशंटांनी अशी चिठ्ठी आणली तर मी ती वाचेन आणि उत्तर लिहून देईन.

---

अनेरकाठ

सीएचओ ताई, सर, दोन्ही रकाने घेतले. मराठीत एका पानावर, मोठ्या अक्षरात करतो. उपासाचाही एक रकाना टाकतो, गिरणाकाठच्या ताईंसाठी. तालुक्याच्या केमिस्ट संघटनेच्या बैठकीत ठेवतो आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटून त्यांची सही घेतो. नवरात्राच्या आधी काउंटरवर पाहिजे. मसुदा झाला की याच धाग्यावर टाकतो, चुका काढा.

---

पारोळेकर_हिंजवडी

टाइप करून, छपाईला लागेल तसं मांडून मी देतो. आमच्या पारोळ्याच्या भाऊंनाही एक गठ्ठा द्या.